जुन्या विवर्धकाची नवी धारित्रे

ग्रामोफोनच्या सुईपासून निघणारा विद्युत् संकेत अत्यंत क्षीण असतो. त्याला ध्वनिक्षेपकाचा पडदा हलवण्याइतके बळ देणाऱ्या उपकरणास विवर्धक किंवा अँप्लिफायर म्हणतात. ट्रान्झिस्टरचा प्रसार होण्यापूर्वी हे काम काचेच्या निर्वात नलिका, म्हणजेच व्हॉल्व्ह, करीत असत. अशा नलिकांचे साठ-साठ वर्षांपूर्वीचे विवर्धक जगात अनेक ठिकाणी आजही संगीतरसिकांच्या नित्य वापरात आहेत. त्यांतील रोहित्रे लोखंडाची व तांब्याची असल्यामुळे दीर्घकाळ टिकतात. नलिका झिजतात खऱ्या, परंतु त्या खोबणीतून काढून नव्या बसवता येतात. एक भाग मात्र असा आहे की, यंत्र वापरा किंवा कपाटात ठेवा, काळ त्याला सोडीत नाही. तो म्हणजे वीजपुरवठ्यातील धारित्र; कारागिराच्या भाषेत कंडेन्सर.

हे धारित्र निकामी झाले की त्याच्या जागी नवे बसवणे प्राप्त होते. जुन्यावर छापलेले आकडे पाहून तसलेच दुसरे आणावे, इतके हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात त्या आकड्यांपैकी एक वाढवला तर यंत्र अधिक सुरक्षित होते, दुसरा वाढवला तर महागडी नलिका किंवा दुर्मिळ रोहित्र धोक्यात येते; आणि काही महत्त्वाचे आकडे तर जुन्या डब्यावर छापलेलेच नसतात. कोणता आकडा कशासाठी आहे हे समजल्यावाचून योग्य निवड होत नाही.

एक प्रातिनिधिक यंत्र

विवेचनासाठी एक प्रत्यक्ष यंत्र समोर ठेवणे सोयीचे होईल. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डेव्हिड हॅफलर यांच्या डायनॅको या संस्थेने १९५९ मध्ये ‘स्टीरिओ ७०’ नावाचा विवर्धक बाजारात आणला. सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडण्याच्या स्वरूपातही तो मिळत असल्याने सामान्य उत्पन्नाच्या रसिकांनाही तो परवडत असे. त्यात डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्या असून प्रत्येकीची शक्ती ३५ वॅट आहे. ईएल ३४ जातीच्या चार निर्गम नलिका ही शक्ती पुरवतात, आणि जीझेड ३४ ही नलिका प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करते. तिला एकदिशकारक असे नाव आहे.

या यंत्राच्या माथ्यावर ॲल्युमिनियमचा एक उभा दंडगोल डबा दिसतो. त्याच्या पोटात चार स्वतंत्र धारित्रे आहेत. एकाची धारिता ३० मायक्रोफॅराड, उरलेल्या तिघांची प्रत्येकी २०, आणि सर्वांची दाबमर्यादा ५२५ व्होल्ट. चौघांचे ऋण टोक एकच असून ते म्हणजे खुद्द डबा. धन टोके तळाशी वेगवेगळी निघतात आणि त्यांच्याजवळ अर्धवर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा कोरलेल्या असतात. कोणती खूण कोणत्या धारितेची, हे डब्याच्या अंगावर छापलेले असते. जुना डबा उपसण्यापूर्वी या खुणांची व त्यांना जोडलेल्या तारांची नोंद करून ठेवणे ही शहाणपणाची पहिली पायरी होय.

थारोळ्याचे काम

विहिरीवर मोट चालत असे तेव्हा पाणी सलग येत नसे. मोट वर आली की पाण्याचा लोंढा येई. ती पुन्हा खाली जाई तोवर खंड पडे. तरीही पिकाकडे जाणारा पाट मात्र वाहता राही, कारण मोट ज्यात रिकामी होई ते दगडी थारोळे मधल्या काळात पाणी पुरवीत असे. विवर्धकाच्या वीजपुरवठ्यात धारित्राचे कार्य नेमके थारोळ्याचे आहे.

अमेरिकेतील वीज दर सेकंदास ६० आवर्तने करते. एकदिशकारक नलिका प्रत्येक आवर्तनातील दोन्ही अर्धांचा उपयोग करीत असल्याने विजेचे लोंढे सेकंदाला १२० येतात. प्रत्येक लोंढ्याच्या शिखरावर पहिले धारित्र भरते आणि पुढचा लोंढा येईपर्यंत स्वतःतील विद्युत् भार नलिकांना देत राहते. स्टीरिओ ७० च्या चार निर्गम नलिका स्वस्थ स्थितीत मिळून सुमारे २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतात. या मागणीमुळे ३० मायक्रोफॅराडच्या धारित्रावरील दाब दोन लोंढ्यांच्या मधल्या, सेकंदाच्या एकशेविसाव्या भागात, अधिकात अधिक ५५ व्होल्टांनी उतरू शकतो. दाबातील या चढउताराला ऊर्मी म्हणतात.

इतकी ऊर्मी संगीतात शिरली तर गुणगुण ऐकू येईल. म्हणून पहिल्या धारित्रापुढे चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावरील तारेचे वेटोळे, आणि त्यानंतर दुसरे धारित्र अशी योजना केलेली असते. त्यापुढील दोन धारित्रे रोधकांमधून भरली जातात व आरंभीच्या, अधिक संवेदनशील नलिकांना स्वच्छ दाब देतात. ही चढत्या क्रमाची गाळणीच होय. जुन्या यंत्रातून सतत जाडसर घुंकार येऊ लागला, तर गाळणीतील एखादे थारोळे आटले असावे, असा पहिला संशय घ्यावा लागतो.

धारित्र म्हातारे का होते

दोन धातूंचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये विद्युत् निरोधक थर, एवढीच धारित्राची मूळ रचना आहे. पत्रे जितके विस्तृत व मधला थर जितका पातळ, तितकी धारिता अधिक. कागद किंवा अभ्रक वापरून ३० मायक्रोफॅराडचे, पाचशे व्होल्ट सोसणारे धारित्र करावयाचे तर ते फार अवजड होईल. या अडचणीवरचा उपाय ॲल्युमिनियमच्या एका गुणधर्मात सापडला. योग्य द्रवात ॲल्युमिनियमच्या पत्र्याला धन दाब दिला असता त्याच्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ व चिवट निरोधक थर चढतो. कार्ल पोलाक यांनी १८९० नंतरच्या दशकात या तत्त्वावरील धारित्राचे एकस्व मिळवले. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल रूबेन यांनी द्रवाने भिजवलेला कागद दोन पत्र्यांमध्ये गुंडाळण्याची रीत प्रचारात आणली. आजची विद्युत् विच्छेदी धारित्रे त्याच कुळातील आहेत.

ऑक्साइडच्या थराची जाडी दर व्होल्टमागे एक ते दीड नॅनोमीटर इतकीच असते. म्हणजे पाचशे व्होल्ट अडवणारी भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. तिला बारीक छिद्र पडल्यास भोवतालचा द्रव, म्हणजे विद्युत् विच्छेद्य, तेथे नवा ऑक्साइड तयार करून ते बुजवतो. परंतु ही डागडुजी यंत्र चालू असतानाच होते. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले की थर दुबळा होतो आणि एकदम पूर्ण दाब दिल्यास गळतीचा प्रवाह वाढून धारित्र तापते. उलटपक्षी यंत्र सतत चालले तर उष्णतेने द्रव झाकणाच्या फटीतून हळूहळू उडून जातो. द्रव आटला की धारिता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. मग तोच रोध आणखी उष्णता निर्माण करतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. जुन्या काळी तयार झालेले परंतु कधीही न वापरलेले धारित्र ‘नवे’ म्हणून मिळाले, तरी ते नवे नसते. रोधकामधून अल्प दाब देत तासन्‌तास चढवत नेल्यास थर काही वेळा पूर्ववत होतो, पण उडालेला द्रव परत येत नाही. जेथे पाचशे व्होल्टांचा संबंध आहे तेथे अलीकडच्या उत्पादनाचे धारित्र घेणेच इष्ट.

दाबमर्यादा: येथे कसर नको

स्टीरिओ ७० चे काम चालू असताना पहिल्या धारित्रावर सुमारे ४३५ व्होल्ट असतात. बाजारात ४५० व्होल्टांची धारित्रे विपुल मिळतात. ४३५ पेक्षा ४५० मोठे, तेव्हा ती चालतील, असा निष्कर्ष सहज निघतो. आणि तो चुकीचा आहे.

त्याचे एक कारण घरातील वीज हे आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन उपकरणांची आखणी बहुधा ११७ व्होल्ट धरून होत असे. आज तेथील नियत दाब १२० असून तो १२६ पर्यंत जाणे नियमात बसते. त्या प्रमाणात ४३५ चे ४६८ होतात आणि ४५० ची मर्यादा नेहमीच्या कामातच ओलांडली जाते.

याहून गंभीर कारण पुढचे आहे. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याचा दाब मध्यबिंदूपासून प्रत्येक बाजूस सुमारे ३६० व्होल्ट आहे. ही प्रत्यावर्ती दाबाची परिणामी किंमत झाली. तिचे शिखर १.४१४ पटीने उंच, म्हणजे ५०९ व्होल्ट असते. निर्गम नलिका प्रवाह घेत असतात तोवर दाब शिखराच्या बराच खाली राहतो. त्या काढून ठेवल्या, किंवा त्या तापण्यापूर्वीच एकदिश वीज सुरू झाली, तर धारित्र शिखरापर्यंत भरते. जीझेड ३४ नलिका स्वतः सावकाश तापते व दाबही सावकाश चढवते, त्यामुळे हा प्रसंग सहसा टळतो. पण काही जण तिच्या जागी सिलिकॉनचे एकदिशकारक बसवतात. ते तत्क्षणी काम सुरू करतात. अशा वेळी थंड नलिकांसमोर पहिल्याच सेकंदात ५०९ व्होल्ट उभे राहतात, आणि घरातील वीज १२६ व्होल्ट असेल तर ५४८. मूळ डब्यावर ५२५ हा आकडा का छापला होता, हे आता ध्यानात येते. सिलिकॉन वापरावयाचे असल्यास तेवढीही मर्यादा पुरत नाही.

दाबमर्यादा अधिक घेतल्याने मंडलाचे कोणतेही नुकसान होत नाही. धारित्राचा आकार व किंमत तेवढी वाढते. म्हणून हा आकडा मूळच्याइतका किंवा त्याहून मोठा घ्यावा, लहान कदापि घेऊ नये.

हव्या त्या मर्यादेचे धारित्र मिळाले नाही तर दोन धारित्रे एकसर जोडता येतात. १०० मायक्रोफॅराड व ३५० व्होल्टांची दोन धारित्रे एकापुढे एक जोडली की ५० मायक्रोफॅराड व ७०० व्होल्टांचे एक धारित्र झाल्यासारखे होते. मात्र दोघांची गळती सारखी नसते. ज्याची गळती कमी, त्याच्या वाट्याला अधिक दाब येतो आणि त्याची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. यासाठी प्रत्येकाच्या दोन टोकांत २२० किलोओहमचा, दोन वॅटचा रोधक जोडतात, म्हणजे दाबाची विभागणी समान होते. याखेरीज वरच्या धारित्राचा धातूचा डबा मधल्या दाबावर, म्हणजे यंत्राच्या सांगाड्यापेक्षा सुमारे अडीचशे व्होल्ट वर असतो. तो निरोधक वेष्टनात असणे आणि सांगाड्यास न टेकणे अत्यावश्यक आहे.

धारिता: येथे लोभ नको

थारोळे जितके मोठे तितका पाट संथ, हे खरे असल्याने ३० च्या जागी २०० मायक्रोफॅराड बसवण्याचा मोह होतो. या मोहाची किंमत नलिका व रोहित्र यांना मोजावी लागते.

मोठ्या धारित्रावरील दाब दोन लोंढ्यांच्या मध्ये फारच थोडा उतरतो. त्यामुळे ते शिखराच्या अगदी टोकाशी, अल्पकाळच भरू शकते. दिलेला सर्व भार त्या अल्पकाळात परत यावयाचा, म्हणून प्रवाहाचे झटके आखूड पण फार उंच होतात. अशा झटक्यांनी एकदिशकारक नलिकेच्या ऋणाग्रावरील ऑक्साइडचा लेप झडतो आणि नलिकेत ठिणगीही पडू शकते. रोहित्राच्या तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेही अधिक तापते. जीझेड ३४ च्या उत्पादकांनी तिच्यापुढील पहिल्या धारित्राची कमाल मर्यादा ६० मायक्रोफॅराड ठरवून दिली आहे.

येथे आणखी एक बारकावा आहे. धारित्रावर छापलेली धारिता नेमकी नसते. आजच्या उत्पादनांत ती २० टक्क्यांपर्यंत कमी-अधिक असू शकते. ४७ मायक्रोफॅराडचे धारित्र प्रत्यक्षात ५६ चे निघाले तरी ते मर्यादेत राहते. ५० चे ६० झाले तर ते नेमके काठावर येते. ६८ चे मात्र आरंभीच मर्यादेबाहेर आहे. आज ३० व २० हे आकडे क्वचित मिळतात. ३३ व २२ सहज मिळतात. जुन्या धारित्रांतील फरक याहून मोठा असे व मूळ आखणीत तो गृहीत धरलेला असे. म्हणून ३० ऐवजी ३३ आणि २० ऐवजी २२ घेण्यास कोणतीच हरकत नाही.

साठ मायक्रोफॅराडचे बंधन केवळ पहिल्या धारित्राला आहे. चोकच्या पलीकडील धारित्रे काहीशी वाढवता येतात, कारण प्रवाहाचे झटके चोक व रोधक यांनी बोथट केलेले असतात. भारतासारख्या ५० आवर्तनांच्या देशांत सेकंदाला लोंढे १०० च येतात व मधला खंड एक पंचमांशाने लांबतो. तितकीच ऊर्मी राखावयाची तर तेथे ३० ऐवजी ३६ मायक्रोफॅराड लागतील. ही वाढही मर्यादेत बसते.

न छापलेले आकडे: उष्णता आणि ऊर्मीचा प्रवाह

नव्या धारित्रावर ८५ किंवा १०५ अंश सेल्सिअस असा आकडा आढळतो, आणि उत्पादकाच्या तक्त्यात त्या तापमानास किती तास टिकेल हे दिलेले असते. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा स्थूल नियम आहे. २,००० तासांची दोन धारित्रे घेतली आणि नलिकांच्या शेजारी त्यांचे तापमान ६५ अंश राहिले असे मानू. ८५ अंशांचे धारित्र सुमारे ८,००० तास, तर १०५ अंशांचे सुमारे ३२,००० तास टिकेल. रोज तीन तास संगीत ऐकणाऱ्याच्या हिशेबाने हा सात वर्षे आणि एकोणतीस वर्षे यांच्यातील फरक आहे.

याच तक्त्यात धारित्र किती ऊर्मी-प्रवाह सोसेल तेही लिहिलेले असते. पहिल्या धारित्रात आत-बाहेर होणारा हा प्रवाह नलिकांनी घेतलेल्या एकदिश प्रवाहापेक्षाही अधिक असू शकतो. २०० मिलिअँपिअरच्या यंत्रात २०० मिलिअँपिअर सोसणारे धारित्र अपुरे ठरते. मर्यादा त्याच्या कित्येक पट असावी.

ग्रिडचे लहान धारित्र

मोठ्या डब्याकडे लक्ष देताना सांगाड्याखालील दोन लहान धारित्रे विसरली जातात. ईएल ३४ च्या ग्रिडला जो ऋण दाब लागतो तो ती स्थिर राखतात. हा दाब नाहीसा झाला तर निर्गम नलिकांतील प्रवाह आवरत नाही, त्यांची धनाग्रे तांबडी होतात आणि पाठोपाठ रोहित्र जळू शकते. यंत्रातील सर्वांत स्वस्त भागांपैकी असलेली ही धारित्रे सर्वांत महाग भागांचे रक्षण करतात. त्यामुळे मोठ्या डब्याबरोबर तीही बदलणे उचित ठरते. मात्र येथे दाब ऋण असल्याने धारित्राचे धन टोक सांगाड्याला जोडावयाचे असते. सवयीने ते उलट जोडले गेल्यास ऑक्साइडचा थर मोडतो, वायू निर्माण होतो आणि धारित्र फुटते.

हात घालण्यापूर्वी

वीज बंद केली, खटक्यातून दोरी काढली, तरी थारोळे भरलेलेच असते. ४३५ व्होल्टांवर ३० मायक्रोफॅराडच्या धारित्रात सुमारे २.८ ज्यूल ऊर्जा राहते, आणि हा दाब प्राणघातक आहे. जाणकार कारागीर दोरी काढल्यानंतर काही वेळ थांबतो. मग निरोधक मुठीच्या तारांनी १० किलोओहमचा, पाच वॅटचा रोधक धारित्राच्या टोकांना काही सेकंद लावतो आणि दाब शून्य झाल्याची मापकाने खात्री करून घेतो. पेचकसाने टोके एकदम जोडली तर मोठी ठिणगी पडून धारित्रालाही इजा होते. एकदा रिकामे केलेले धारित्र थोड्या वेळाने स्वतःहून काही दाब पुन्हा धरते, म्हणून मोजणी दोनदा करणे श्रेयस्कर. विद्यार्थ्यांनी व नवशिक्यांनी हे काम अनुभवी तंत्रज्ञाच्या देखरेखीवाचून करू नये.

नवी धारित्रे बसवण्याच्या तीन रीती आहेत. मूळ मापाचा चार भागांचा डबा आजही तयार होतो. तो बसवल्यास यंत्राचे रूप व जोडणी बदलत नाही. दुसरी रीत सुटी धारित्रे सांगाड्याखाली पट्टीवर डाख देऊन बसवण्याची. ती स्वस्त पडते, पण धारित्रे उष्ण रोधकांपासून दूर आणि हलणार नाहीत अशी बांधावी लागतात. तिसऱ्या रीतीत जुना डबा कापून रिकामा करतात व त्यात आजची लहान धारित्रे भरतात. संग्रहालयांना व संग्राहकांना ती आवडते. तिन्ही रीतींत नियम एकच: दाबमर्यादा मूळच्याहून कमी नसावी, पहिल्या धारित्राची धारिता एकदिशकारकाच्या मर्यादेत असावी, उष्णता व ऊर्मी-प्रवाह सोसण्याची क्षमता भरपूर असावी, आणि धन-ऋण टोके वीज देण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासावीत.

घरातील एखाद्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या धारित्रालाही हेच नियम लागू पडतात. आकडे तेवढे त्या त्या यंत्राच्या मंडलचित्रातून घ्यावे लागतात.